गवंड्याच्या पोराने साम्राज्याला दिलेला नकार

आपल्याकडे एक काळ असा होता की मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके प्रदर्शनांतून अगदी स्वस्तात मिळत. जाड पुठ्ठ्याची बांधणी, चांगला कागद, रंगीत चित्रे. मॅक्झिम गॉर्कीची 'आई' कामगार वस्त्यांमधल्या कित्येक तरुणांनी त्याच काळात वाचली आणि आपणही माणूस आहोत, आपणही लढू शकतो, असे त्यांना वाटले. त्या पुस्तकांचे हे ऋण कोणी नाकारू नये. पण त्या गठ्ठ्यांत काय नव्हते, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. ज्या राज्याने ही पुस्तके छापली, त्याच राज्याने आपल्या हद्दीतल्या लेखकांच्या एका अख्ख्या पिढीला गोळ्या घातल्या होत्या, छावण्यांत कुजवले होते किंवा देशाबाहेर पळायला लावले होते. त्यांची पुस्तके त्या गठ्ठ्यांत कशी येणार?

त्या पिढीत युक्रेनचे लेखक फार मोठ्या संख्येने होते. विसाव्या शतकातले युक्रेनी साहित्य दोन ठिकाणी लिहिले गेले. एक घरात, सेन्सॉरच्या आणि बंदुकीच्या धाकाखाली. दुसरे परक्या मुलखात, निर्वासितांच्या छावण्यांत, अर्धपोटी. या दोन्ही ठिकाणी जगलेले, दोन्हीकडे लिहिलेले आणि दोन्हीकडे किंमत मोजलेले लेखक म्हणजे इव्हान बाहरियानी. युक्रेनमध्ये आज शाळकरी मुले त्यांच्या कादंबऱ्या अभ्यासतात. आपल्याकडे त्यांचे नावही फारसे कोणाला ठाऊक नाही. म्हणून आजचा हा लेख त्यांच्यावर.

इव्हानचा जन्म १९०६ साली ओख्तिर्का या लहानशा शहरात झाला. हे शहर आजच्या ईशान्य युक्रेनमधल्या सुमी प्रांतात येते. वडील गवंडीकाम करीत. आई शेतकरी घराण्यातली. घराण्याचे मूळ आडनाव लोझोव्यागा. सरकारी कागदांवर त्याला रशियन शेपूट जोडून लोझोव्यागिन केले गेले. माणसाचे नावसुद्धा राज्यकर्त्याच्या तोंडाला सोयीचे झाले पाहिजे, हा सगळ्याच साम्राज्यांचा नियम असतो. 'बाहरियानी' हे त्यांनी पुढे स्वतः निवडलेले टोपणनाव. त्याचा अर्थ किरमिजी.

ज्या भाषेत हा मुलगा पुढे लिहिणार होता त्या भाषेची अवस्था काय होती? १८७६ मध्ये रशियाच्या झारने एक गुप्त फर्मान काढून युक्रेनी भाषेतल्या पुस्तकांच्या छपाईवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली होती. ती पुढे तीस वर्षे, १९०५ च्या क्रांतीपर्यंत टिकली. ही भाषाच नव्हे, ही तर खेडवळ शेतकऱ्यांची बिघडलेली बोली, असे साम्राज्याच्या पंडितांचे म्हणणे होते. म्हणजे कष्टकऱ्यांची भाषा ही भाषा नाही, त्यांचे साहित्य हे साहित्य नाही. हा युक्तिवाद आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

१९१७ ची क्रांती झाली तेव्हा इव्हान दहा-अकरा वर्षांचा होता. त्यानंतरच्या यादवी युद्धात ओख्तिर्काच्या परिसरावर वेगवेगळ्या फौजांनी पाळीपाळीने कब्जा केला. १९२० मध्ये त्याने जे पाहिले ते तो जन्मभर विसरला नाही. त्याचे आजोबा नव्वदी ओलांडलेले, एका हाताने अधू, मधमाश्या पाळणारे शेतकरी होते. बोल्शेविकांच्या गुप्त पोलिसांनी त्या आजोबांना आणि त्याच्या काकांना मधाच्या पेट्यांजवळच ठार मारले. मुलाच्या डोळ्यांदेखत. पुढे पंचवीस वर्षांनी त्यांनी हा प्रसंग जगासमोर मांडला.

तरीही हा मुलगा क्रांतीचा वैरी झाला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. गवंड्याच्या मुलाला समतेचे राज्य नको कसे असेल? तो कम्युनिस्ट युवक संघात गेला. साखर कारखान्यात राबला, डोनबासच्या कोळसापट्ट्यात फिरला, काही काळ पोलीस खात्यात होता, शाळेत चित्रकला शिकवली. १९२५ च्या सुमारास मात्र त्याने युवक संघ सोडला. बोलणे आणि करणे यांतले अंतर त्याला दिसू लागले होते. त्याच वर्षी गावातच टोपणनावाने कथांचे एक लहानसे पुस्तक छापले. १९२६ मध्ये कीवच्या कला महाविद्यालयात दाखल झाला. तिथे शिकला, चित्रे काढली, पण राजकीयदृष्ट्या भरवशाचा नाही असा शिक्का बसल्याने शिक्षण पूर्णत्वास गेले नाही.

तो काळ युक्रेनी साहित्याच्या बहराचा होता. १९२३ पासून सोव्हिएत सरकारने युक्रेनी भाषेला शाळांत, कचेऱ्यांत, नाट्यगृहांत जागा देण्याचे धोरण घेतले होते. शतकानुशतके दाबलेली भाषा मोकळी झाली आणि खेड्यापाड्यांतली, कामगार वस्त्यांतली मुले लिहू लागली. कवी, नाटककार, कादंबरीकार यांची एक फळीच उभी राहिली. कीवमध्ये बाहरियानी 'मार्स' नावाच्या लेखकांच्या गटात सामील झाले. वालेरियान पिद्मोहिल्नी, येव्हेन प्लुझ्निक, ह्रिहोरी कोसिन्का, तोदोस ओस्माच्का, बोरिस अन्तोनेन्को-दाविदोविच हे त्यांचे सोबती. या गटाने पक्षाच्या साहित्यिक आदेशांपासून अंतर ठेवले होते. आणि तेवढाच गुन्हा पुरेसा होता.

१९२९ मध्ये बाहरियानी यांनी 'आवे मारिया' हे दीर्घकाव्य स्वतःच छापून काढले. सेन्सॉरने त्यावर बंदी घातली. १९३० मध्ये 'स्केल्का' ही पद्य कादंबरी आली. अठराव्या शतकातल्या एका खेड्यातले शेतकरी मठाच्या जुलमाला कंटाळून बंड करतात आणि मठ जाळून टाकतात, अशी ही कथा. आता पाहा, धर्मसत्तेविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांची कथा कामगारांच्या राज्याला आवडायला हवी होती. पण पक्षाच्या टीकाकारांना त्यात वेगळेच दिसले. मठातले साधू रशियन होते आणि बंड करणारे युक्रेनी होते. आज मठाविरुद्ध उठलेला उद्या मॉस्कोविरुद्धही उठेल, हे त्यांनी बरोबर ओळखले. १९३१ मध्ये एका टीकालेखाने बाहरियानींना 'कुलक' म्हणजे धनदांडग्या शेतकऱ्यांचा लेखक ठरवून टाकले. गवंड्याचा मुलगा धनदांडग्यांचा हस्तक! शोषितालाच शोषकाचा दलाल म्हणण्याची ही युक्ती जगभर चालते.

एप्रिल १९३२ मध्ये खार्किव्ह शहरात त्यांना अटक झाली. आरोप होता लेखनातून प्रतिक्रांतीचा प्रचार केल्याचा. गुप्त पोलिसांच्या तुरुंगात एकांत कोठडीत डांबून नंतर त्यांना अतिपूर्वेला, पॅसिफिक किनाऱ्याकडच्या जंगलात हद्दपार केले गेले. गंमत अशी की या अटकेनेच कदाचित त्यांचा जीव वाचवला. कारण पुढच्या पाच-सहा वर्षांत मागे राहिलेल्यांचे जे झाले ते भयंकर होते. १९३२-३३ च्या मानवनिर्मित दुष्काळात युक्रेनमध्ये सुमारे ३५ ते ४० लाख माणसे मेली. मरणारे बहुतेक शेतकरी होते. त्याच वेळी लेखकांची कत्तल सुरू झाली. मिकोला ख्विलोव्ही यांनी मे १९३३ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. कोसिन्का यांना डिसेंबर १९३४ मध्ये गोळ्या घातल्या. प्लुझ्निक १९३६ मध्ये सोलोव्हकी बेटांवरच्या छावणीत क्षयाने गेले. त्याच छावणीतल्या एक हजाराहून अधिक कैद्यांना १९३७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सांदारमोखच्या जंगलात नेऊन मारले. त्यांत पिद्मोहिल्नी होते, कवी मिकोला झेरोव्ह होते, नाटककार मिकोला कुलिश होते, रंगभूमीला नवे वळण देणारे लेस कुर्बास होते. अन्तोनेन्को-दाविदोविच छावण्यांतून जिवंत परतले, पण आयुष्याची वीसेक वर्षे गमावून. परदेशातल्या युक्रेनी लेखकांच्या 'स्लोवो' या संघटनेने १९५४ मध्ये सोव्हिएत लेखकांच्या अधिवेशनाला जाहीर प्रश्न विचारला होता. १९३० मध्ये ज्यांचे लेखन छापले जात होते असे २५९ युक्रेनी लेखक होते; १९३८ नंतर त्यांतले फक्त ३६ उरले; बाकीचे कुठे गेले? या पिढीला पुढे 'गोळ्या घातलेले पुनरुज्जीवन' असे नाव पडले. त्याच नावाचा, निर्वासित समीक्षक युरी लाव्रिनेन्को यांनी संपादित केलेला संग्रह १९५९ मध्ये पॅरिसजवळच्या एका पोलिश निर्वासितांच्या प्रकाशनसंस्थेने छापला. मायदेशात तो छापणे अशक्य होते.

बाहरियानी अतिपूर्वेला होते. तिथे त्यांना एक वेगळेच जग भेटले. झारच्या काळात जमिनीच्या शोधात गेलेल्या युक्रेनी शेतकऱ्यांची वस्ती त्या भागात होती. शिकारी, लाकूडतोडे, जिवंत वाघ पकडणारी कुटुंबे. हजारो कोस दूर जाऊनही त्यांनी आपली भाषा आणि गाणी सोडली नव्हती. १९३६ च्या सुमारास बाहरियानी हद्दपारीतून पळाले, पकडले गेले, आणखी सजा झाली आणि या वेळी रेल्वेमार्ग बांधणाऱ्या कैद्यांच्या छावणीत रवानगी झाली. तिथून सुटून ते कसेबसे ओख्तिर्काला परतले. जून १९३८ मध्ये पुन्हा अटक.

या वेळी खार्किव्हचा तुरुंग होता आणि स्टालिनच्या दहशतीचा कळस होता. एका माणसासाठी बांधलेल्या कोठडीत डझनावारी माणसे कोंबलेली. रात्रभर चौकशी, मारहाण, झोप न देणे. चौकशी करणाऱ्याला हवी असे फक्त एक सही आणि आणखी काही नावे. सही केली की खटला पूर्ण. प्रत्येकाने दहा नावे दिली की उद्या त्या दहांची अटक. अशा रीतीने भीतीची शेती पिकत होती. बाहरियानी यांच्यावर राष्ट्रवादी गुप्त संघटनेचे पुढारी असल्याचा आरोप होता. त्यांनी तो कबूल केला नाही. १९४० मध्ये क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन ते बाहेर आले. पुरावा उभा राहिला नाही आणि माणूस मरणाच्या दारात होता, म्हणून ही सुटका झाली.

पुढच्याच वर्षी हिटलरची फौज आली. ओख्तिर्कावर जर्मनांचा ताबा असताना त्यांनी गावच्या नाट्यगृहात पडदे रंगवले, स्थानिक वृत्तपत्रात काम केले. परक्या फौजेच्या छायेत निघणारे वृत्तपत्र ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. विरोधकांनी त्यावर बोट ठेवले, आणि चरित्र सांगताना तो भाग झाकूनही ठेवू नये. पण एवढे खरे की नाझी राजवटीला ते मुक्तिदाती मानत नव्हते. एका हुकूमशहाने छळले म्हणून दुसरा हुकूमशहा आपला होत नाही, हे त्यांना कळून चुकले होते. पुढे ते पश्चिम युक्रेनमध्ये गेले आणि तिथल्या स्वातंत्र्याच्या भूमिगत चळवळीच्या प्रचारकार्यात काम करू लागले.

१९४४ मध्ये, युद्धाची आघाडी जवळ येत असताना, मोर्शिन या गावी त्यांनी अवघ्या चौदा दिवसांत एक कादंबरी लिहून काढली. आज ती 'तिह्रोलोवी' म्हणजे 'वाघ पकडणारे' या नावाने प्रसिद्ध आहे. कैद्यांनी भरलेली एक लांबच लांब रेल्वेगाडी सैबेरिया ओलांडून पूर्वेला धावते आहे. तिच्यातून ह्रिहोरी नावाचा तरुण जीव धोक्यात घालून उडी मारतो. जंगलात एका शिकारी कुटुंबाची मुलगी नताल्का हिला तो जनावराच्या तावडीतून वाचवतो आणि ते कुटुंब त्याला पोटच्या पोरासारखे सांभाळते. त्याचा छळ करणारा गुप्त पोलिसांचा अधिकारी मात्र आरामदायी एक्स्प्रेसमधून त्याच मुलखात शिकारीला येतो. शेवटी शिकारी कोण आणि शिकार कोण, हे बदलून जाते. तुरुंगावर लिहिलेल्या बहुतेक पुस्तकांत माणूस मोडून पडतो. इथे माणूस जिंकतो. ज्या कैद्याने छावणी भोगली, त्याने हरलेल्याची कथा लिहायला नकार दिला, हेच या कादंबरीचे मोठेपण. लव्हिव्हच्या स्पर्धेत तिला पारितोषिक मिळाले आणि पुढे ती इंग्रजीसह अनेक भाषांत गेली.

युद्ध संपले तेव्हा बाहरियानी जर्मनीत, डॅन्यूब नदीकाठच्या नॉय-उल्म शहरात, निर्वासितांच्या छावणीत होते. पहिली पत्नी आणि दोन मुले सोव्हिएत हद्दीत मागे राहिली होती. आणि इथून त्यांच्या आयुष्यातली खरी लढाई सुरू झाली.

युद्धात जर्मनांनी युक्रेनमधून वीस लाखांहून अधिक माणसे वेठबिगारीसाठी पकडून नेली होती. त्यांत सोळा-सतरा वर्षांच्या मुली होत्या, शेतकऱ्यांची पोरे होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे स्टालिन, रूझवेल्ट आणि चर्चिल यांच्या परिषदेत ठरले की सोव्हिएत नागरिकांना मायदेशी पाठवायचे. त्यांना जायचे आहे का, हे विचारायचे कारण नाही. ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिक निर्वासितांना ट्रकमध्ये कोंबू लागले. ऑगस्ट १९४५ मध्ये केम्प्टन गावी चर्चमध्ये आसरा घेतलेल्या माणसांना सैनिकांनी ओढून बाहेर काढले. कित्येकांनी परत जाण्याऐवजी आत्महत्या केल्या. पश्चिमेतल्या भल्या माणसांना हे कळेना. युद्ध संपले, मग माणसे घरी का जात नाहीत? नक्कीच ही नाझींची साथ देणारी गुन्हेगार माणसे असणार. सोव्हिएत प्रतिनिधीही हेच सांगत होते.

या गैरसमजाला उत्तर देण्यासाठी १९४६ मध्ये बाहरियानी यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली. तिचे नावच प्रश्नाचे उत्तर होते: मी सोव्हिएत संघात परत का जाऊ इच्छित नाही. पाने थोडी, पण मजकूर जाळणारा. मायभूमी सोडून परक्या देशात भिकाऱ्यासारखे राहणे कोणाला आवडते? मायभूमीचे नाव ऐकून ज्याला भीती वाटते त्याच्या आयुष्यात काय घडले असेल? असा त्यांचा सूर होता. मग त्यांनी एकेक कारण मांडले. आजोबा आणि काका. दुष्काळात मेलेली खेडी. मारलेले लेखक. स्वतःची तुरुंगातली वर्षे. आपण गुन्हेगार नाही, श्रीमंतांची पोरे नाही, कामगाराचे पोर आहोत आणि कामगारांच्या म्हणवणाऱ्या राज्यानेच आपल्याला माणसातून उठवले, हे त्यांनी ठणकावून सांगितले. एक दिवस आपण परत जाऊ, पण ती राजवट गेल्यावर, मोकळ्या युक्रेनमध्ये, असेही लिहिले. ही पुस्तिका अनेक भाषांत भाषांतरित होऊन फिरली. मूक निर्वासितांच्या लाखोंच्या जमावाला प्रथमच तोंड फुटले.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १९४६ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला की ज्या निर्वासिताचा परत जाण्यास योग्य आक्षेप आहे त्याच्यावर सक्ती करू नये. सक्ती हळूहळू थांबली आणि सुमारे दोन लाख युक्रेनी माणसे पश्चिमेत राहू शकली. हे एका पुस्तिकेने घडवले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. निर्वासितांनी स्वतः केलेला प्रतिकार, पत्रकारांनी केलेली ओरड, बड्या देशांमधली वाढती तेढ, सगळ्यांचा त्यात वाटा होता. पण नकाराला कारण असते आणि ते कारण शब्दांत मांडावे लागते, हे काम बाहरियानी यांनी केले.

छावण्यांतले ते जीवन विलक्षण होते. एका बराकीत कित्येक कुटुंबे, मध्ये पडदा म्हणून टांगलेली घोंगडी. खायला मोजून मिळे. तरी त्याच बराकींत शाळा निघाल्या, नाटके झाली, वृत्तपत्रे छापली गेली. सप्टेंबर १९४५ मध्ये लेखकांनी 'मुर' नावाची संघटना काढली. उलास सामचुक अध्यक्ष, आणि सुरू करणाऱ्यांत बाहरियानी व समीक्षक युरी शेव्हेलोव्ह होते. जॉर्ज ऑर्वेलच्या 'अ‍ॅनिमल फार्म'चे युक्रेनी भाषांतर १९४७ मध्ये याच निर्वासितांसाठी छापले गेले. ऑर्वेलने पैसे न घेता त्यासाठी खास प्रस्तावना लिहून दिली. अमेरिकन अधिकाऱ्यांनी मात्र त्याच्या सुमारे दीड हजार प्रती जप्त करून सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. म्हणजे हुकूमशाहीवरचे पुस्तक लोकशाहीच्या शिपायांनी हुकूमशहाच्या हाती दिले!

नोव्हेंबर १९४५ पासून नॉय-उल्ममध्ये 'उक्रायिन्स्की विस्ती' म्हणजे 'युक्रेनी बातम्या' हे वृत्तपत्र निघू लागले. बाहरियानी त्याचा कणा होते. लिहिणे, संपादन करणे, व्यंगचित्रे, वर्गणीदारांची पत्रे, छपाईची उधारी, सगळे त्यांच्या गळ्यात. १९४८ च्या जूनमध्ये जर्मनीत नवे चलन आले आणि निर्वासितांचे हातचे पैसे कवडीमोल झाले. मग छावण्याही रिकाम्या होऊ लागल्या. वाचक जहाजात बसून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेले. बहुतेक वृत्तपत्रे बंद पडली. हे टिकले. चळवळीचे वृत्तपत्र चालवणे म्हणजे काय असते, हे ज्यांनी चालवले आहे त्यांनाच ठाऊक. बाहरियानी स्वतः शेवटपर्यंत नॉय-उल्ममध्येच राहिले.

१९४७ मध्ये त्यांनी समविचारी सोबत्यांसह युक्रेनी क्रांतिकारी लोकशाही पक्ष काढला. त्यांची भूमिका सोपी आणि धाडसी होती. युक्रेनचे स्वातंत्र्य निर्वासित आणणार नाहीत. ते आतली माणसे आणतील. खाणीतला कामगार, सामूहिक शेतीवरची बाई, लाल सैन्यातला शिपाई, युवक संघातला तरुण, हीच ती माणसे. त्यांना शत्रू म्हणून हिणवू नका. आणि उद्याचे राज्य रक्तावर वा वंशावर उभे राहू नये. तिथे राहणाऱ्या सर्वांचे, लोकशाहीचे असावे. या भूमिकेमुळे निर्वासितांमधले उजवे, एकाच पुढाऱ्याच्या हुकमाने चालणारे राष्ट्रवादी त्यांच्यावर तुटून पडले. त्यांनी बाहरियानींना बोल्शेविकांचा छुपा हस्तक ठरवले. तिकडे मॉस्को त्यांना फॅसिस्ट म्हणत होती. एकाच माणसावर एकाच वेळी दोन्ही शिक्के! जो माणूस दोन्ही बाजूंच्या कळपात शिरायला नकार देतो त्याच्या वाट्याला हेच येते.

१९५० मध्ये त्यांची सर्वांत मोठी कादंबरी आली, 'साद हेत्सिमान्स्की' म्हणजे 'गेथसेमनेची बाग'. बायबलनुसार याच बागेत येशूला त्याच्याच शिष्याने, यहूदाने, पकडून दिले. कादंबरीचा नायक आन्द्री चुमाक हा लोहाराचा मुलगा. बापाच्या मृत्यूनंतर भाऊ घरी जमतात आणि त्याच वेळी आन्द्रीला अटक होते. कोणी पकडून दिले? भावांनी? या एका प्रश्नाचा किडा चौकशी अधिकारी त्याच्या डोक्यात सोडतात. शरीराच्या यातनेपेक्षा ही शंका भयंकर. शेवटी कळते की भाऊ निर्दोष होते. चुगली करणारा वेगळाच होता, ज्याच्यावर घराने पूर्ण विश्वास टाकला होता तो धर्मगुरू. खार्किव्हच्या तुरुंगात लेखकाने जे भोगले ते सगळे यात आहे. तुरुंगातले अधिकारी आणि बहुतेक कैदी यांची नावे खरीच ठेवली आहेत, असे त्यांनी सुरुवातीलाच बजावले. म्हणजे ही कादंबरी एक साक्षही होती. अत्याचार करणाऱ्याला निनावी राहू द्यायचे नाही, हा त्यामागचा निर्धार.

सोल्झेनित्सिन यांची छावणीवरची पहिली कथा १९६२ मध्ये आली. त्याच्या बारा वर्षे आधी बाहरियानी हे सगळे लिहून बसले होते. मग जगाने ऐकले का नाही? पॅरिसच्या डाव्या विचारवंतांना तेव्हा छावण्या आहेत हेच मान्य नव्हते. युक्रेनमध्ये जन्मलेल्या व्हिक्टर क्राव्हचेन्को या फुटून आलेल्या अधिकाऱ्याला १९४९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात आपण खोटे बोलत नाही हे सिद्ध करावे लागले होते. शिवाय बाहरियानी युक्रेनी भाषेत लिहीत होते. बड्या भाषेतल्या बंडखोराला जग डोक्यावर घेते. लहान मानलेल्या भाषेतल्या बंडखोराला आधी आपली भाषा अस्तित्वात आहे हे पटवावे लागते. या कादंबरीचे फ्रेंच भाषांतर १९६१ मध्ये निघाले, तेव्हा लेखकाच्या हाती दोनच वर्षे उरली होती.

सोव्हिएत सत्ता या माणसाला विसरली नव्हती. पूर्व बर्लिनमधून निर्वासितांना परत बोलावण्याची मोहीम चालू होती. रेडिओवरून एक दिवस बाहरियानींच्या मागे राहिलेल्या मुलाचा आवाज ऐकवण्यात आला. बापाचा धिक्कार करणारा, परत ये म्हणणारा. त्या मुलाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याच्यासमोर कागद कोणी ठेवला असेल हे बापाला नक्कीच कळले असणार. त्याने आयुष्यभर असेच कागद पाहिले होते. 'गेथसेमनेची बाग' लिहिणाऱ्या माणसाला त्याच बागेत पुन्हा उभे केले गेले. ते परत गेले नाहीत. वृत्तपत्रही थांबले नाही.

तुरुंगातून सोबत आलेला क्षय, त्यात मधुमेह आणि हृदयविकार. दवाखान्याच्या खाटेवरूनही ते लिहीत राहिले. २५ ऑगस्ट १९६३ रोजी जर्मनीतल्या सांक्ट ब्लाझियनच्या आरोग्यधामात त्यांचे निधन झाले. वय ५६. नॉय-उल्मच्या दफनभूमीत त्यांना पुरले. मायभूमीपासून दूर, पण स्वतः निवडलेल्या नकाराशी इमान राखून.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि युक्रेन स्वतंत्र झाला. त्याच वर्षी त्यांच्यावरचे आरोप अधिकृतपणे रद्द झाले. १९९२ मध्ये त्यांना मरणोत्तर शेव्हचेन्को पुरस्कार मिळाला. ज्यांच्या नावाचा हा देशातला सर्वोच्च साहित्य सन्मान आहे ते तारास शेव्हचेन्को जन्माने भूदास होते, हेही इथे नोंदवले पाहिजे. बाहरियानी यांची पुस्तके अखेर घरी परतली, शाळेच्या क्रमिक पुस्तकांत गेली. आतली माणसेच स्वातंत्र्य आणतील हे त्यांचे म्हणणे खरे ठरले. डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला, आणि त्यांत डोनबासचे खाण कामगारही होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचे रणगाडे पुन्हा युक्रेनमध्ये घुसले तेव्हा पहिल्या काही दिवसांतच ओख्तिर्कावर बॉम्ब पडले. गाव झुकले नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेन सरकारने त्याला 'वीर शहर' ही पदवी दिली. पुन्हा लाखो माणसे घर सोडून युरोपात पसरली, आणि त्यांच्याबद्दल पुन्हा तेच प्रश्न विचारले जाऊ लागले. हे घरी का जात नाहीत?

निर्वासिताकडे पाहताना जग नेहमी त्याची कागदपत्रे तपासते, त्याचे कारण विचारत नाही. बाहरियानी यांनी ते कारण स्वतः सांगितले, कोणाच्या मध्यस्थीशिवाय. कामगारांच्या नावाने चालणारे प्रत्येक राज्य कामगारांचे असतेच असे नाही. राष्ट्राच्या नावाने ओरडणारा प्रत्येक पुढारी राष्ट्राचा असतोच असे नाही. कसोटी एकच. त्या राज्यात गवंड्याच्या पोराला नाही म्हणता येते का? येत नसेल, तर त्या राज्याच्या झेंड्याचा रंग कोणताही असो, ती गुलामगिरीच. आपल्या नावाने कोण काय करीत आहे यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणे, हे आपलेही काम आहे. ते दुसऱ्या कोणावर सोपवता येणार नाही.